पाळणाघरालाही नोटीस द्या

(इटारसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबमेळाव्यात रेल्वे युनियनच्या एका शाखा सचिवांनी केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी पेन्शन, आठवा वेतन आयोग, रिकाम्या जागा आणि खाजगीकरण या विषयांवर आपल्याला बरेच सांगितले. मी आज जो विषय घेतला आहे तो त्यांच्यापुढे लहान वाटेल. विषय आहे पाळणाघराचा. आणि त्यातही एवढाच की, आपले मूल एका पाळणाघरातून काढून दुसरीकडे ठेवायचे झाले, तर ते तिथल्या बाईंना कसे सांगायचे. काहीजण हसतील. म्हणतील, यात सांगायचे काय? पैसे आपले, मूल आपले. उद्यापासून पाठवायचे नाही, संपले. मला बोलायचे आहे ते नेमके या 'संपले'बद्दलच.

आपण घरापासून दूर आलेली माणसे आहोत. 2003 सालापर्यंत इटारसी मध्य रेल्वेत होते. पश्चिम मध्य रेल्वे झाली ती त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून. त्यामुळे भुसावळ, नागपूर, मनमाडकडची कितीतरी मराठी कुटुंबे बदलीवर इकडे आली आणि इकडचीच झाली. जबलपूर, वडोदरा, सिकंदराबाद, हुबळी, कुठेही जा, रेल्वे वसाहतीत आणि टपाल खात्याच्या क्वार्टर्समध्ये मराठी घरे सापडतात. या घरांत आजी नसते, मावशी नसते, शेजारची आत्या नसते. त्या सगळ्या गावी राहिल्या. नवरा लोको शेडमध्ये किंवा आर.एम.एस.च्या रात्रीच्या सेटवर, बायको बुकिंग ऑफिसात, पोस्टाच्या काउंटरवर किंवा रेल्वे इस्पितळात. मूल दीड-दोन वर्षांचे. अशा वेळी त्याला कोण सांभाळते? वसाहतीतली एखादी बाई. कोणी तिला काकू म्हणते, कोणी आंटी, दक्षिणेत गेलो तर अम्मा. बऱ्याचदा ती आपल्यापैकीच असते. गँगमनची विधवा असते, निवृत्त खलाशाची बायको असते, एखाद्या पोस्टमनची परित्यक्ता बहीण असते. घरातली पुढची खोली रिकामी करून, चार सतरंज्या टाकून ती पाच-सहा मुले सांभाळते.

आपल्या भगिनी आज रेल्वेत काय काय करतात ते आपण पाहतो. सुरेखा यादव 1989 साली सहाय्यक चालक म्हणून आल्या, त्यांनी घाटातून गाड्या नेल्या, वंदे भारत चालवली आणि 2025 साली त्या निवृत्त झाल्या. मध्य रेल्वेचे माटुंगा स्टेशन 2017 पासून महिलांनी चालवून दाखवले. त्यांचे सत्कार झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण ड्युटीवर गेलेल्या प्रत्येक आईच्या मागे कोणीतरी एक बाई तिचे मूल घेऊन बसलेली असते. कधी ती सासू असते, कधी आई असते, आणि आपल्यासारख्या परमुलखात आलेल्यांच्या घरी ती पाळणाघराची काकू असते. तिचा सत्कार कोणी करत नाही. निदान तिला काढताना दोन शब्द तरी बोलावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

एका वसाहतीतली गोष्ट

एका जंक्शनच्या वसाहतीतली हकिकत सांगतो. नावे सांगत नाही. एका बाईंचे पती गँगमन होते, लाइनवर काम करताना गेले. कुटुंब-निवृत्तिवेतन थोडे. मुलगा अनुकंपा तत्त्वावर लागला, पण त्याची नेमणूक दुसऱ्या विभागात. बाईंनी पाळणाघर सुरू केले आणि आठ वर्षे चालवले. मदतीला एक मुलगी ठेवली. पाच मुले होती.

वसाहतीबाहेर एक नवी नर्सरी निघाली. रंगीत भिंती, घसरगुंडी, इंग्रजी गाणी. पाचपैकी तीन घरांनी आपसांत ठरवले आणि एक तारखेपासून मुले तिकडे नेली. बाईंना कोणी सांगितले नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखे दूध तापवले, मुलांसाठी मऊ भात लावला आणि दहा वाजेपर्यंत दार उघडे ठेवून बसल्या. त्यांना वाटले, मुले आजारी असतील. खरी गोष्ट त्यांना दूधवाल्याने सांगितली. महिन्याचे दूध उधारीवर घेतलेले. पाचातली तीन मुले गेली म्हणजे अर्ध्याहून अधिक मिळकत गेली. त्या आठवड्यातच मदतीच्या मुलीला घरी बसवावे लागले.

पुढे त्या बाई निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी आमच्या युनियन ऑफिसात आल्या होत्या. मी विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलं नेली त्याचं काही नाही, साहेब. मुलं मोठी होतात, जातात. पण तीन वर्षं ज्यांचं पोर मी मांडीवर घेतलं, त्यांनी मला माणसात धरलं नाही, याचं वाटतं."

यात पुढचे ऐका. दोन महिन्यांनी बुकिंग ऑफिसातले रोस्टर बदलले. त्या तिघींपैकी एकीला दुपारी दोन ते रात्री दहा अशी ड्युटी लागली. नर्सरी सहाला बंद. नवरा रनिंग स्टाफमधला, कधी घरी, कधी दुसऱ्या टोकाच्या रनिंग रूममध्ये. ती धावत जुन्या बाईंकडे गेली, तर दाराला कुलूप. उरलेल्या दोन मुलांवर घर चालेना म्हणून बाई भावाकडे गावी निघून गेल्या होत्या. नुकसान एकट्या बाईंचे झाले नाही. रात्री दहापर्यंत मूल सांभाळणारे वसाहतीतले एकमेव दार बंद झाले.

नोटीस म्हणजे काय

बंधूंनो, आपण युनियनची माणसे आहोत. नोटीस या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपातीपूर्वी कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, नाहीतर त्याबदली एक महिन्याचे वेतन द्यावे, असे बंधन मालकावर घातले. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तो कायदा विलीन झाला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्या संहितेतल्या कित्येक गोष्टींना आपला विरोध आहे. पण एक महिन्याच्या नोटिशीचे तत्त्व तिलाही काढून टाकता आले नाही. कामाच्या अटी बदलायच्या तर 21 दिवसांची नोटीस, हेही त्यात आहे.

आणि आपण तरी काय करतो? आपण संपसुद्धा नोटीस देऊन करतो. 8 मे 1974 रोजी सुरू झालेला रेल्वेचा संप देशाला आठवतो, त्याचीही नोटीस आधी दिली होती. सरकारशी लढतानाही आपण आधी सांगतो. मग मुलाला भरवणाऱ्या बाईला का सांगत नाही?

पाळणाघराच्या काकूला या कायद्यातले काही मिळत नाही. ती आपली नोकर नाही, आपण तिचे मालक नाही, असे कायदेपंडित म्हणतील. असू दे. पण तिची रोजीरोटी आपल्या हातात आहे आणि ती एका दिवसात काढून घेण्याची ताकद आपल्याकडे आहे. ज्याच्याकडे अशी ताकद असते त्याला आपण आपल्या भाषेत काय म्हणतो ते मी सांगायला नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. कामाच्या अटी घरकामगाराला आधी समजल्या पाहिजेत आणि त्यांत काम संपवण्याच्या नोटिशीची मुदतही असली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. भारताने मतदानात त्याला पाठिंबा दिला, पण त्याला मान्यता दिलेली नाही. सरकारने मान्यता द्यावी म्हणून आपण ठराव करतो. आपल्या घरात ते तत्त्व पाळायला मात्र कोणाच्या मान्यतेची गरज नाही.

सांगायचे कसे

आता कामाचे बोलू. मूल हलवायची कारणे अनेक असतात. बदली होते. रोस्टर बदलते. गावाहून आजी राहायला येते. मूल तीन वर्षांचे होऊन बालवाडीत जाते. पैसे परवडत नाहीत. किंवा मन भरत नाही. यातले कोणतेही कारण लाजेचे नाही. कारण कोणतेही असो, सांगण्याची पद्धत एक ठेवावी.

पहिली गोष्ट, वेळ. निदान एक महिना आधी सांगावे. बदलीचा हुकूम अचानक आला तर हुकूम हाती पडला त्याच दिवशी सांगावे. महिना देता येत नसेल तर महिन्याचे पैसे द्यावेत.

दुसरी गोष्ट, जागा. सकाळी दारात मूल सोपवताना, एक पाय सायकलवर ठेवून सांगू नये. तेव्हा तिच्या कडेवर दुसरे मूल रडत असते आणि आपल्याला हजेरी गाठायची असते. मोबाइलवर निरोप पाठवून मोकळे होऊ नये. रविवारी किंवा रेस्टच्या दिवशी, मुले नसताना, नवरा-बायको दोघांनी तिच्या घरी जावे. दोघांनी म्हणतो ते मुद्दाम. मूल ठेवताना सगळे बोलणे आईने करायचे आणि काढतानाही अवघड बोलणे आईच्याच गळ्यात, ही रीत सोडा. बापानेही समोर बसावे.

तिसरी गोष्ट, शब्द. पहिल्या दोन वाक्यांत खरे सांगून टाकावे. "काकू, आम्ही बाळाला पुढच्या महिन्याच्या अखेरीपासून दुसरीकडे ठेवायचं ठरवलंय. माझी ड्युटी आता पहाटेची झाली, म्हणून स्टेशनजवळ सोय बघितली. तुम्ही दोन वर्षं त्याला सांभाळलंत, ते आम्ही विसरणार नाही." झाले. पाऊण तास इकडचे तिकडचे बोलून उठताना दारात सांगू नये. खोटे कारण देऊ नये. "आम्ही गावी चाललो" म्हणायचे आणि आठ दिवसांनी मूल पलीकडच्या गल्लीतल्या नर्सरीच्या गणवेशात दिसायचे! वसाहतीत खोटे दोन दिवससुद्धा टिकत नाही. आणि ठरले असेल तर ठरले म्हणून सांगावे. "बघू, विचार चाललाय" असे म्हटले तर ती आशेवर राहते आणि दुसरे मूल घेत नाही.

ती कदाचित रडेल, रागावेल, विचारेल, "माझं काय चुकलं?" चुकले नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. ती पैसे कमी करायला तयार होईल, तेव्हा घासाघीस करू नये. आपण राहणार नसू तर तिला भाव पाडायला लावणे हा अन्याय आहे.

चौथी गोष्ट, हिशेब. जेवढे देणे असेल तेवढे शेवटच्या दिवसाआधी चुकते करावे. आगाऊ रक्कम दिलेली असेल तर ती शेवटच्या महिन्यात वळती करायला सांगावे. रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस 1979-80 पासून मिळतो, 2025 सालीही 78 दिवसांचा मिळाला. त्या 78 दिवसांतल्या प्रत्येक ड्युटीला आपले मूल कोणाकडे होते, हे आठवून निरोपाच्या वेळी साडी-चोळी, काही रोख, जे जमेल ते द्यावे. भीक म्हणून देऊ नये, मान म्हणून द्यावे.

चार्ज द्या, चार्ज घ्या

पाचवी गोष्ट मुलाची. आपल्याकडे स्टेशन मास्तर ड्युटी संपली म्हणून उठून जात नाही. येणाऱ्याला चार्ज देतो. कोणती गाडी कुठे उभी आहे, कोणता पॉइंट बिघडला आहे, सगळे डायरीत लिहून सही करतो. मुलाचाही असाच चार्ज असतो. ते कोणत्या कुशीवर झोपते, ताप आला की झटका येतो का, शेंगदाणे सोसतात का, कोणत्या शब्दाने पाणी मागते, हे आपल्यापेक्षा काकूला जास्त ठाऊक असते, कारण जागेपणीचे आठ तास ते तिच्याकडे असते. हे तिला विचारून कागदावर लिहून घ्यावे आणि नव्या ठिकाणी द्यावे. लसीकरणाचे कार्ड, औषधाची बाटली, पांघरूण परत घ्यावे. जिला आपण न सांगता सोडले ती हा चार्ज कसा देणार?

मुलालाही सांगावे. दोन वर्षांच्या मुलाला काय कळते, असे म्हणू नका. रोजचे माणूस एकाएकी नाहीसे झाले की ते रात्री दचकून उठते, जेवत नाही, नव्या जागी आईचा पदर सोडत नाही. शेवटच्या आठवड्यात जमले तर काही तास नव्या ठिकाणी आणि काही तास जुन्या ठिकाणी ठेवावे. शेवटच्या दिवशी काकूच्या पाया पडायला लावावे. पुढे सणावाराला घेऊन जावे.

आर.एम.एस.मधल्या एका सॉर्टरने आणि रेल्वे इस्पितळात नर्स असलेल्या त्याच्या पत्नीने हे असेच केले. त्यांचे मूल एका हिंदी भाषक आंटीकडे होते. तीन वर्षांचे झाल्यावर ते बालवाडीत जाणार होते. दोघे रविवारी गेले, दीड महिना आधी सांगितले, आणि वसाहतीतल्या दुसऱ्या एका घराला आंटीचा पत्ताही दिला. तिची जागा रिकामी राहिली नाही. पुढे नर्सबाईंना रात्रपाळी लागली तेव्हा आंटीनेच सांगून पाठवले, "मुन्ना को रात में मेरे पास सुला दो." एका महिन्याच्या नोटिशीने काय मिळते ते यात आले.

नोटीस कुठे द्यायची नाही

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याचा कोणी उलटा अर्थ घेणार नाही. साध्या तक्रारी असतील, मूल वेळेवर जेवत नाही, टी.व्ही. फार वेळ चालतो, स्वच्छता कमी आहे, तर आधी त्या त्या वेळी बोलाव्यात. वर्षभर गप्प बसायचे आणि एक दिवस सगळे आरोप तोंडावर फेकून मूल उचलायचे, हे बरोबर नाही. मालकाने असे केले तर आपण त्याला चार्जशीट न देता बडतर्फी म्हणतो. पण मुलाला मारहाण होत असेल, झोपेचे औषध पाजले जात असेल, कोंडून ठेवले जात असेल, कोणी वाईट हात लावत असेल, तर तिथे नोटीस नाही, महिना नाही, हिशेबही नाही. त्याच क्षणी मूल घरी आणावे, डॉक्टरला दाखवावे, पोलिसांत जावे. 1098 हा मुलांसाठी मदतीचा क्रमांक आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवणे बंधनकारक आहे. वसाहतीची बदनामी होईल म्हणून गप्प बसलात तर तिथल्या बाकीच्या मुलांचे गुन्हेगार व्हाल.

युनियनने काय करावे

हा प्रश्न केवळ घराघरांतल्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती आली, आणि आईला दिवसातून चारदा मुलाला भेटण्याची मुभा आली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. आता रात्रपाळीला उघडे असणारे पाळणाघर ज्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी पाहिले असेल त्यांनी हात वर करावेत. (कोणीही हात वर केला नाही.) पाहा! केंद्रीय कर्मचारी महिलांना 2008 पासून 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, 2018 पासून एकट्या बापालाही आहे. पण रिलीव्हर नसेल तर रजेचा अर्ज टेबलावर पडून राहतो. म्हणून रिकाम्या जागांचा प्रश्न आणि पाळणाघराचा प्रश्न एकच आहे. जोवर ड्युटीच्या वेळेला जुळणारी पाळणाघरे मिळत नाहीत, तोवर आपला सारा संसार वसाहतीतल्या या बायांवर चालणार आहे.

तेव्हा प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात. एक, वसाहतीत मुले सांभाळणाऱ्या बायांची वही ठेवावी. कोणाकडे जागा आहे, कोण रात्री ठेवते, हे त्यात असावे. एक मूल गेले तर दुसरे लगेच पाठवता येईल. दोन, एक पानी करारनामा तयार करावा. त्यात पैसे, वेळ, सुट्टी, आजारपण आणि दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, एवढे असावे. दोन्ही बाजूंनी म्हणतो, कारण काकूनेही उद्यापासून बंद असे एका दिवसात सांगितले तर आपली नोकरी अडचणीत येते. तीन, या बायांची ई-श्रम नोंदणी करून द्यावी. असंघटित कामगारांसाठी हे पोर्टल 2021 पासून आहे. फॉर्म भरायला तासभर लागत नाही, आपली तरुण मंडळी करतील.

बंधू-भगिनींनो, दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायांची मुले मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी 1969 साली मोबाइल क्रेशेसचे काम सुरू केले. एका बाईला ते दिसले, म्हणून पुढे हजारो मुलांना सावली मिळाली. आपल्याला तर फार लांब पाहायचे नाही, वसाहतीतल्या तिसऱ्या दारातच पाहायचे आहे. आपण मोर्चात "कामगार सारा एक" म्हणतो, त्यात ती आहे की नाही, हे आपण तिला निरोप कसा देतो यावरून ठरते.

ज्यांना पुढच्या महिन्यात मूल हलवायचे असेल त्यांनी येत्या रेस्टला दोघांनी मिळून काकूकडे जावे, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!